न्याय, दया आणि परदोषनिवाडा : पंडिता रमाबाईंच्या ‘कृपासदना’मागील विचाराचा शोध

१. विषय व त्याची मर्यादा

दुसऱ्याच्या आचरणाचा निवाडा कोणी करावा, तो कोणत्या मापाने करावा, आणि निवाडा झाल्यानंतर दोषी ठरलेल्या माणसास समाजात परतण्याची वाट राहते किंवा नाही, हे तीन प्रश्न एकोणिसाव्या शतकातील महाराष्ट्राच्या सामाजिक इतिहासात वारंवार उपस्थित झालेले दिसतात. ग्रामण्य, बहिष्कार, प्रायश्चित्त, शुद्धिपत्र हे त्या काळच्या वृत्तपत्रांतील नित्याचे शब्द होते. याच काळात मराठी भाषिकांपैकी काही थोड्या व्यक्तींनी ख्रिस्ती धर्माचा स्वीकार केला, आणि त्यांच्या लेखनातून व कार्यातून या प्रश्नांना वेगळ्या दिशेने उत्तर देण्याचा प्रयत्न झाला. त्यांपैकी पंडिता रमाबाई (१८५८–१९२२) यांचे उदाहरण अभ्यासकास सर्वांत अधिक सामग्री पुरविणारे आहे.

रमाबाईंविषयीचे बरेचसे लेखन धर्मांतराच्या वादाभोवती फिरते. त्यांनी धर्म का बदलला, शारदासदनातील मुलींना त्यांनी आपल्या धर्माकडे वळविले काय, पुण्याच्या सुधारकांनी त्यांची साथ सोडली ते योग्य झाले काय, हे प्रश्न महत्त्वाचे आहेत. पण त्यांच्या गर्दीत एक गोष्ट दुर्लक्षित राहते. रमाबाईंना ख्रिस्ती धर्माकडे ओढून नेणारा पहिला विचार ईश्वराच्या स्वरूपाविषयीचा नव्हता. समाजाने ‘पतित’ ठरविलेल्या स्त्रीशी कसे वागावे, ह्या व्यवहारातील प्रश्नातून तो निघाला होता. प्रस्तुत लेखात त्या विचाराचा उगम, त्याची कसोटी पाहणारे प्रसंग आणि त्याला मिळालेले संस्थारूप, एवढ्याच गोष्टींचा परामर्श घ्यावयाचा आहे.

२. शब्दविचार

ख्रिस्ती परंपरेत न्याय आणि दया यांची जोडी जुन्या करारापासून चालत आली आहे. हिब्रू भाषेतील ‘मिश्पाट’ हा शब्द न्यायालयातील निवाड्याचा, आणि त्याबरोबरच दुबळ्यास त्याचा हक्क मिळवून देण्याचाही वाचक आहे. ‘हेसेद’ या शब्दात दया आहे, पण ती नाते न तोडणारी, वचनास जागणारी दया आहे. ख्रिस्तपूर्व आठव्या शतकातील मीखा या संदेष्ट्याने हे दोन्ही शब्द एकाच वाक्यात आणून त्यांना नम्रतेची जोड दिली. होमबलीपेक्षा ईश्वराला हे अधिक इष्ट आहे, असे त्याचे प्रतिपादन होते. ही तीन तत्त्वे परस्परविरोधी आहेत अशी कल्पना तेथे नाही. न्याय केल्यावर उरलेल्या जागेत दया करावयाची, असाही क्रम तेथे सांगितलेला नाही.

नव्या करारात या विषयाला आणखी एक पैलू येतो. मत्तयकृत शुभवर्तमानाच्या सातव्या अध्यायाच्या आरंभी इतरांचा निवाडा करण्याविषयी जो इशारा आहे, तेथील मूळ ग्रीक क्रियापद ‘क्रिनो’ हे आहे. त्याचा अर्थ पारखणे, निर्णय देणे, दोषी ठरविणे असा क्रमाने व्यापक होत जातो. प्रचलित मराठी भाषांतरांत या ठिकाणी ‘दोष काढणे’ हा प्रयोग रूढ झाला आहे. त्यामुळे मराठी वाचकास तो इशारा शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या निंदेविषयीचा वाटतो. न्यायासनावर बसलेल्या माणसाला, पंचाला किंवा धर्माधिकाऱ्याला तो लागू आहे हे सहसा ध्यानात येत नाही. उलट मूळ संदर्भात मापाचा दृष्टान्त आहे. ज्या मापाने माणूस दुसऱ्यास मोजतो त्याच मापाने तो स्वतः मोजला जाईल, असा त्याचा आशय. न्यायच नको, असे तेथे म्हटलेले नाही. न्याय करणाऱ्याने स्वतःस त्या मापाच्या बाहेर समजू नये, एवढेच म्हटले आहे.

तिसरा शब्द ‘प्रायश्चित्त’ हा होय. धर्मशास्त्रात प्रायश्चित्त दोषी माणसाने करावयाचे असते आणि ते काय असावे हे विद्वानांची सभा ठरविते. पेशवेकाळातील दोषपत्रे व शुद्धिपत्रे ही याच व्यवस्थेची कागदपत्रे आहेत. मराठी ख्रिस्ती लेखनाने हाच शब्द ख्रिस्ताच्या मरणासंबंधी वापरला, आणि तेथे तो पूर्णपणे उलटला. प्रायश्चित्त करणारा आता दोषी माणूस राहिला नाही. ते त्याच्यावतीने दुसऱ्याने केलेले असते. एकच शब्द दोन विचारसरणींत दोन कार्ये करीत होता, ही गोष्ट पुढील प्रसंगांचा विचार करताना लक्षात ठेवावी लागेल.

३. पार्श्वभूमी : १८४३ ते १८८२

१८४३ साली मुंबईत घडलेले शेषाद्रि प्रकरण या संदर्भात आरंभीचे म्हणून पाहण्यासारखे आहे. नारायण शेषाद्रि या ब्राह्मण तरुणाने त्या वर्षी स्कॉटिश मिशनरींकडून बाप्तिस्मा घेतला. त्याचा धाकटा भाऊ श्रीपत हाही मिशनरींकडे राहिला होता. वडिलांनी सुप्रीम कोर्टात दाद मागितली आणि श्रीपत अल्पवयीन असल्याने कोर्टाने त्याला त्यांच्या स्वाधीन केले. कायद्याचा निवाडा येथे संपला. जातीचा निवाडा मात्र तेव्हा सुरू झाला. मुलाने मिशनरींच्या घरी अन्न घेतले होते. त्यास प्रायश्चित्त देऊन परत घ्यावे, असा पक्ष बाळशास्त्री जांभेकरांनी घेतला आणि त्यासाठी त्यांना स्वजातीयांचा रोष व बहिष्कार सोसावा लागला. एका बालकाला परत येण्याची वाट असावी एवढेच बाळशास्त्र्यांचे म्हणणे होते, व त्यासाठी त्यांनी धर्मशास्त्राचाच आधार घेतला होता. १८४६ साली त्यांचा मृत्यू झाला. इकडे नारायण शेषाद्रि पुढे ख्रिस्ती धर्मोपदेशक झाले आणि त्यांनी जालन्याजवळ बेथेल येथे वसाहत स्थापन केली. दोन भावांपैकी एकाने वाटच बदलली, तर दुसऱ्याच्या परतीसाठी समाजाला भांडावे लागले.

स्त्रियांच्या बाबतीत परतीची वाट याहून अरुंद होती. ब्राह्मण विधवा गरोदर राहिल्यास तिला भ्रूणहत्या, आत्महत्या किंवा घरत्याग यांवाचून मार्ग उरत नसे. जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी १८६३ साली पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह उघडले ते याच परिस्थितीमुळे. १८८१ साली सुरत येथे विजयालक्ष्मी नावाच्या ब्राह्मण विधवेवर नवजात अर्भकाच्या हत्येचा खटला चालला. तिला प्रथम फाशीची शिक्षा झाली, नंतर ती जन्मठेपेवर आणि अखेरीस पाच वर्षांवर आली. या खटल्याच्या निमित्ताने ‘पुणे वैभव’ पत्रात स्त्रीजातीवर जी टीका झाली, तिला उत्तर म्हणून वऱ्हाडातील बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ साली ‘स्त्री-पुरुष तुलना’ हा निबंध प्रसिद्ध केला. ताराबाई ख्रिस्ती नव्हत्या. त्या सत्यशोधक विचारांच्या वर्तुळातील होत्या. तथापि त्यांचा मुख्य प्रश्न मापाविषयीचाच आहे. ज्या दोषासाठी स्त्रीला फाशीपर्यंत नेण्यात येते, त्याच दोषातील सहभागी पुरुष निवाडा करणाऱ्यांच्या रांगेत कसा बसतो, हे त्यांनी अत्यंत रोखठोक भाषेत विचारले.

त्याच वर्षी पंडिता रमाबाई पुण्यास आल्या. त्या वेळी त्यांचे वय चोवीस वर्षांचे होते. आईवडील, थोरली बहीण, भाऊ आणि पती या सर्वांचे मृत्यू त्यांनी पाहिले होते. दुष्काळात देशभर पायी केलेली भ्रमंती त्यांच्या अंगावर होती. कलकत्त्याच्या विद्वानांनी दिलेली ‘पंडिता’ व ‘सरस्वती’ ही बिरुदे आणि बंगाली शूद्र मानल्या गेलेल्या कुटुंबातील बिपिनबिहारी दास मेधावी यांच्याशी केलेला विवाह, या दोन्ही गोष्टींनी त्या एकाच वेळी वंद्य व निंद्य ठरल्या होत्या. पुण्यात त्यांनी आर्य महिला समाज स्थापन केला, ‘स्त्रीधर्मनीति’ हे पुस्तक लिहिले आणि हंटर आयोगापुढे साक्ष दिली.

४. फुलम येथील अनुभव

१८८३ साली रमाबाई इंग्लंडला गेल्या आणि वाँटेज येथील सेंट मेरीच्या भगिनीसंघात राहिल्या. या संघाच्या भगिनी पुण्यात पंचहौद मिशनच्या परिसरात काम करीत असत. त्यांच्याशी रमाबाईंचा परिचय तेथेच झाला होता. लंडनच्या फुलम भागात या संघाचे एक उद्धारगृह होते. वेश्यावृत्तीतून बाहेर आलेल्या किंवा समाजाने टाकलेल्या स्त्रियांना तेथे आसरा मिळे. रमाबाई तेथे काही दिवस राहिल्या. पुढे १९०७ साली लिहिलेल्या आपल्या साक्षीत त्यांनी या अनुभवाचे वर्णन केले आहे. तेथील काही स्त्रिया इतक्या बदलल्या होत्या की त्या स्वतःच इतर दुःखितांची सेवा करीत होत्या, हे पाहून त्यांना नवल वाटले. अशा स्त्रियांविषयी इतकी आस्था कशी, असे त्यांनी एका भगिनीला विचारले, तेव्हा तिने योहानकृत शुभवर्तमानाच्या चौथ्या अध्यायातील शोमरोनी स्त्रीची कथा त्यांना वाचून दाखविली.

ही कथा रमाबाईंसारख्या श्रोत्याच्या मनाला कशी भिडली असेल याचा विचार केला पाहिजे. भर दुपारी एक स्त्री एकटी विहिरीवर येते. तिचे पाच पती झालेले आहेत आणि सध्या ज्याच्याजवळ ती राहते तो तिचा पती नाही. शिवाय ती शोमरोनी आहे. यहुदी लोक शोमरोन्यांशी व्यवहार ठेवीत नसत. येशू तिच्याकडे पिण्यास पाणी मागतो. पाण्याच्या विटाळाचा अर्थ समजावून सांगण्याची ज्या समाजात गरज नाही, त्या समाजातील विदुषीला या मागणीचे महत्त्व इंग्रज वाचकापेक्षा अधिक कळले असणार. येशू तिच्या आयुष्यातील वस्तुस्थिती बोलून दाखवितो, ती झाकीत नाही. मात्र तिला शिक्षा सांगत नाही, आणि तिच्याशीच उपासनेच्या खऱ्या स्वरूपाविषयी बोलतो. दोष जाणणे आणि दोषी ठरवून टाकणे यांतील अंतर या कथेत स्पष्ट झाले आहे.

या विषयावर बोलताना सामान्यतः योहानाच्याच आठव्या अध्यायातील व्यभिचारिणीची कथा पुढे केली जाते. परंतु प्राचीनतम ग्रीक हस्तलिखितांत तो उतारा आढळत नाही, हे पाठचिकित्सेने सिद्ध केले आहे. रमाबाईंच्या साक्षीत निर्णायक स्थान शोमरोनी स्त्रीला आहे. दगड मारणाऱ्यांना लाज वाटावी असा प्रसंग तीत नाही. ‘पतित’ स्त्रीशी ज्ञानाच्या विषयावर बरोबरीने बोलणारा गुरू तीत आहे. ज्या रमाबाईंच्या वडिलांना पत्नीस संस्कृत शिकविल्याबद्दल विरोध सोसावा लागला, त्यांच्या मनावर या भागाचा ठसा उमटावा हे स्वाभाविक होय. आपले हृदय येथे वळले आणि बुद्धीची खात्री नीळकंठशास्त्री (नेहेमिया) गोरे यांच्या लेखनाने झाली, असा त्यांच्या कथनाचा आशय आहे. २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांनी व त्यांची कन्या मनोरमा हिने बाप्तिस्मा घेतला.

याच साक्षीत रमाबाई हिंदू शास्त्रांशी तुलना करतात. पतित स्त्रीस कुत्र्यांकडून खाववावे अशी राजाला आज्ञा आहे, असे त्या म्हणतात. येथे इतिहासाच्या अभ्यासकाने थांबून पाहिले पाहिजे. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात अशा अर्थाचा श्लोक आहे हे खरे. पण तो कुळाच्या व गुणांच्या गर्वाने पतीचा अतिक्रम करणाऱ्या स्त्रीसंबंधी आहे. याज्ञवल्क्य व वसिष्ठ यांची वचने पुष्कळ सौम्य असून दूषित स्त्रीच्या शुद्धीची व तिचा त्याग न करण्याची तरतूद त्यांत आढळते. देवलस्मृतीत म्लेंच्छांनी पळवून नेलेल्या स्त्रीपुरुषांना परत घेण्याचे विधान आहे. १६७६ साली नेतोजी पालकरांना परत घेण्यात आले हे उदाहरणही महाराष्ट्राला ठाऊक आहे. यावरून रमाबाईंचे शास्त्रवाचन एकांगी होते असे कोणी म्हणेल. परंतु त्या संस्कृतज्ञ होत्या. सौम्य वचने त्यांना अज्ञात असतील असे मानणे कठीण आहे. त्यांचा रोख ग्रंथातील सर्वोत्तम वचनावर नव्हता. चालू व्यवहारात कोणते वचन उपयोगात येते, यावर होता. १८८१ च्या विजयालक्ष्मीला याज्ञवल्क्याचा उपयोग झाला नव्हता. तरीही ही साक्ष घटनेनंतर चोवीस वर्षांनी, ख्रिस्ती वाचकांसाठी लिहिलेली आहे, हे ध्यानात ठेवून तिचा पुरावा म्हणून उपयोग केला पाहिजे.

५. न्यायासनापुढे रमाबाई

ज्या धर्मात त्यांना दयेचे तत्त्व सापडले त्याच धर्माच्या अधिकाऱ्यांपुढे रमाबाईंना लवकरच उभे राहावे लागले. चेल्टनहॅम येथील लेडीज कॉलेजात त्या शिकत व संस्कृत शिकवीत होत्या. त्यांनी तरुण पुरुषांनाही शिकवावे अशी सूचना पुढे आली, तेव्हा मुंबई व लाहोर येथील बिशपांनी हरकत घेतली. रमाबाईंना त्रैक्याच्या सिद्धान्ताविषयी शंका होत्या. चर्चचे प्रत्येक मत बिनतक्रार स्वीकारण्यास त्या तयार नव्हत्या. शाकाहार त्यांनी सोडला नव्हता. वाँटेजच्या सिस्टर जेराल्डिन यांना यात अहंकार व जातीचा अभिमान दिसला. रमाबाईंचे उत्तर असे की, आपल्याला सदसद्विवेकबुद्धी आहे आणि ती कोणा धर्मगुरूच्या स्वाधीन करण्यासाठी आपण एका पुरोहितवर्गाचे जोखड टाकून दिलेले नाही.

या पत्रव्यवहाराचे संकलन सिस्टर जेराल्डिन यांनीच करून ठेवले, आणि अ. भि. शहा यांच्या संपादनाखाली ते १९७७ साली मुंबईत प्रसिद्ध झाले. म्हणजे वादातील एक पक्षच दप्तराचा राखणदार होता. असे असूनही रमाबाईंची कठोर पत्रे त्यांनी गाळली नाहीत, हे त्यांच्या प्रामाणिकपणाचे लक्षण म्हटले पाहिजे.

इकडे महाराष्ट्रात जोतीराव फुले यांनी १८८५ साली ‘सत्सार’मधून रमाबाईंच्या धर्मांतराची पाठराखण केली. १८८९ साली त्यांनी मुंबईत शारदासदन उघडले व पुढील वर्षी ते पुण्यास आणले. ऑक्टोबर १८९० मध्ये, म्हणजे त्याच सुमारास, पंचहौद मिशनमधील व्याख्यानानंतर काही प्रतिष्ठित पुणेकरांनी चहा घेतला, आणि गोपाळराव जोशी यांनी त्यांची नावे वृत्तपत्रात छापविली. त्यांत न्यायमूर्ती रानडे व लोकमान्य टिळक यांचीही नावे होती. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले, चौकशी झाली, प्रायश्चित्ताचा निर्णय झाला. टिळकांनी आपण काशीस प्रायश्चित्त घेतल्याचे दाखविले. रानड्यांनी १८९२ साली प्रायश्चित्त घेतले व त्याबद्दल सुधारकांचे बोल सोसले. एका कप चहासाठी उच्च न्यायालयाच्या श्रेणीला पोहोचणारा न्यायाधीश आरोपीच्या जागी उभा राहिला, यावरून त्या निवाड्याची सत्ता केवढी होती हे कळते. आणि प्रायश्चित्ताची सोय होती म्हणूनच तो समाजात राहू शकला, हेही तितकेच खरे. व्यवस्था कठोर होती, पण पुरुषांसाठी तिच्यात दार होते.

१८९३ साली शारदासदनावर धर्मांतराचा आरोप आला. रमाबाई आपल्या खोलीचे दार उघडे ठेवून प्रार्थना करीत आणि काही मुली तेथे जाऊन बसत, ही मूळ वस्तुस्थिती. ‘केसरी’ने टीकेची झोड उठविली, रानडे, भांडारकर प्रभृती सल्लागारांनी राजीनामे दिले, सुमारे पंचवीस मुली पालकांनी काढून नेल्या. सल्लागारांची बाजू दुर्लक्षिण्याजोगी नाही. धर्माच्या बाबतीत तटस्थ राहण्याच्या आश्वासनावर पालकांनी मुली पाठविल्या होत्या, आणि सल्लागार म्हणून त्या आश्वासनाचे उत्तरदायित्व त्यांच्यावर होते. रमाबाईंची बाजू अशी की, मुलींना आपापली पूजाअर्चा करण्याची मुभा आहे, तेव्हा प्रार्थनेला येण्यास मनाई करणे हा सुद्धा बंदीच ठरेल. दोन्ही पक्ष विवेकस्वातंत्र्याचेच नाव घेत होते. त्याच वर्षी मार्च महिन्यात शारदासदनातील विधवा विद्यार्थिनी गोदूबाई यांच्याशी धोंडो केशव कर्वे यांनी पुनर्विवाह केला, आणि मुरूड गावाने कर्व्यांवर बहिष्कार घातला. या गोष्टी शेजारी ठेवून पाहिल्या म्हणजे त्या काळी निवाडा करणारी पीठे किती होती आणि ती एकमेकांत कशी गुंतलेली होती, याची कल्पना येते.

६. दयेमुळे न्याय लोपतो काय?

दयेचा पुरस्कार करणारा माणूस न्यायाच्या मागणीत ढिला होतो, असा आक्षेप ख्रिस्ती विचारावर पुष्कळदा घेतला गेला आहे. रमाबाईंच्या बाबतीत तो टिकत नाही. दादाजी भिकाजी विरुद्ध रखमाबाई या खटल्यात १८८५ साली न्यायमूर्ती पिन्ही यांनी रखमाबाईंच्या बाजूने निकाल दिला. पण अपिलानंतर मार्च १८८७ मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी पतीकडे जा, अन्यथा सहा महिने तुरुंगवास भोगा, असा हुकूम केला. रमाबाईंनी त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या ‘उच्चवर्णीय हिंदू स्त्री’ या अर्थाच्या आपल्या इंग्रजी ग्रंथात या प्रकरणाचा उल्लेख करून इंग्रज सरकारलाच जबाबदार धरले. ख्रिस्ती म्हणविणारे सरकार हिंदी पुरुषवर्गाला दुखवू नये म्हणून असहाय स्त्रीचा हक्क सोडून देते, असा त्यांचा आरोप होता. १८९७ साली पुण्याच्या प्लेग-व्यवस्थेत स्त्रियांची होणारी विटंबना आणि आपल्या एका मुलीचे झालेले हाल यांविषयी त्यांनी मुंबईच्या ‘गार्डियन’ पत्रात उघड पत्र लिहिले. सरकारने त्यातील आरोप नाकारले.

म्हणजे त्यांच्या विचारात दया खाली वळणारी आणि न्याय वर रोखलेला, अशी एक दिशा दिसते. जो दुबळा व दोषी ठरविला गेला आहे त्याच्याकडे दयेने पाहावे. जो सत्ताधारी आहे त्याच्याकडे न्याय मागावा. शब्दविचारात म्हटल्याप्रमाणे ‘मिश्पाट’मध्ये हे दोन्ही अर्थ सामावलेले आहेत. मराठीत ते ‘न्याय’ व ‘दया’ अशा दोन शब्दांत वाटले गेल्यामुळे त्यांत विरोध भासतो.

७. कृपासदन

१८९६–९७ च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतात गेल्या. रस्त्यावर सापडलेल्या तरुण मुली अनीतीच्या धंद्यासाठी पळविल्या जात आहेत हे त्यांनी पाहिले आणि शेकडो मुलींना त्यांनी पुणे जिल्ह्यातील केडगाव येथे आणले. तेथे मुक्तिसदन उभे राहिले. १८९९–१९०० च्या दुष्काळानंतर तेथील संख्या दीड-दोन हजारांच्या घरात गेली. शारदासदन उच्चवर्णीय विधवांसाठी होते आणि तेथे जातीचे सोवळे सांभाळण्यात येई. मुक्तिसदनात सर्व जातींच्या मुली एकत्र आल्या. शेती, दुभती जनावरे, विणकाम, घाणा, छापखाना, शाळा अशा उद्योगांवर संस्था चाले. वृद्धांसाठी प्रीतिसदन आणि अंधांसाठी बार्तिमय सदन हे विभाग होते. ज्या स्त्रियांना समाजाने ‘पतित’ म्हणून टाकले होते त्यांच्यासाठी निघालेला विभाग म्हणजे कृपासदन.

नावातील शब्दाची निवड लक्षणीय आहे. ‘दया’ ही देणाऱ्याच्या मनाची अवस्था आहे. ‘कृपा’ या शब्दाला मराठी संतपरंपरेतील आणि ख्रिस्ती भाषेतील, असे दोन्ही संस्कार आहेत. मिळविणाऱ्याची पात्रता न पाहता जे मिळते ती कृपा. प्रवेशापूर्वी दोषपत्र नाही व प्रवेशानंतर शुद्धिपत्र नाही, असा या नावाचा अर्थ घेता येईल. फुलमला पाहिलेल्या गोष्टीला सोळा वर्षांनी मराठी मुलखात घर मिळाले.

तथापि कृपासदन इतर विभागांपासून वेगळे ठेवलेले होते. लहान मुलींचे रक्षण हे त्याचे व्यावहारिक कारण समजण्यासारखे आहे. तरी वेगळी इमारत म्हणजेही एक प्रकारचा निवाडा होय, हे नाकारता येत नाही. शिवाय मुक्तिसदनाची शिस्त कडक होती, दिनक्रम प्रार्थनेभोवती बांधलेला होता, आणि १९०५ च्या धार्मिक जागृतीनंतर तेथील वातावरण पूर्णपणे श्रद्धामय झाले. १८९३ साली तटस्थतेचा जो प्रश्न होता तो येथे उरलाच नाही. आसऱ्यास आलेल्या स्त्रीला धर्माच्या बाबतीत खरी निवड करता येत होती काय, हा प्रश्न विचारणे अभ्यासकाचे कर्तव्य आहे. मात्र तो विचारताना, त्या स्त्रीपुढे दुसरी कोणती दारे उघडी होती याचीही नोंद त्याच वाक्यात करावी लागेल.

८. वऱ्हाडातील धागा

या विचाराचा एक धागा यवतमाळपर्यंत येतो. वऱ्हाड प्रांत १८५३ पासून इंग्रजांच्या कारभाराखाली होता, आणि आजचा यवतमाळ जिल्हा १९०५ पर्यंत वणी जिल्हा या नावाने ओळखला जाई. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस फ्री मेथडिस्ट मिशनने यवतमाळ येथे काम सुरू केले. हा पंथ १८६० साली अमेरिकेतील न्यू यॉर्क राज्यात निघाला. गुलामगिरीला विरोध आणि चर्चमधील बसण्याच्या जागा पैसे घेऊन देण्यास विरोध, ह्या त्याच्या मूळ भूमिका होत. त्याच पंथाच्या नॉर्थ चिली येथील चेसब्रो सेमिनरीत रमाबाईंची कन्या मनोरमा १८९० नंतरच्या दशकात शिकली. केडगाव आणि यवतमाळ ही दोन केंद्रे अशा रीतीने एका विचारकुलातील ठरतात. पुढे १९५३ साली यवतमाळ येथे युनियन बिब्लिकल सेमिनरी स्थापन झाली आणि १९८३ मध्ये पुण्यास जाईपर्यंत, तीस वर्षे, देशातील निरनिराळ्या प्रांतांचे विद्यार्थी तेथे ईश्वरविज्ञान शिकले.

यवतमाळ शहरालगतच्या लोहाऱ्यासारख्या गावाच्या दृष्टीने पाहिले तर या सर्व चर्चेला एक व्यवहारी अर्थ आहे. महाराष्ट्रातील इतर गावांप्रमाणे वऱ्हाडातील गावांतही माणसावर दोन निवाड्यांची सत्ता चाले : एक जिल्ह्याच्या कचेरीतील कायद्याची आणि दुसरी जातपंचांची. पहिल्याचा निकाल कागदावर येई व त्यावर अपील असे. दुसऱ्याचा निकाल विहीर, लग्न आणि मयताचे खांदेकरी यांतून कळे, आणि त्यावर अपील नसे. रानड्यांसारख्या न्यायाधीशाला ज्याच्यापुढे नमावे लागले त्या सत्तेपुढे खेड्यातील विधवेची काय कथा! ही सत्ता अलीकडेपर्यंत टिकून होती, याचा पुरावा म्हणजे महाराष्ट्र विधिमंडळाने २०१६ साली सामाजिक बहिष्काराविरुद्ध केलेला आणि जुलै २०१७ पासून अंमलात आलेला कायदा. वाळीत टाकणे हा त्या कायद्याने गुन्हा ठरविला. १८४३ साली बाळशास्त्र्यांनी ज्याविरुद्ध एकाकी झुंज दिली, त्यावर राज्याचा कायदा येण्यास १७३ वर्षे लागली.

९. निष्कर्ष

वरील विवेचनातून तीन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली ही की, परदोषनिवाड्याविषयीचा ख्रिस्ती विचार महाराष्ट्रात केवळ मिशनरींच्या प्रवचनांतून आला नाही. येथील बहिष्कार व प्रायश्चित्ताच्या चालू वादाशी त्याचा सांधा जुळला म्हणून तो रुजला. शोमरोनी स्त्रीची कथा रमाबाईंना भिडली, कारण पाणी, विटाळ आणि टाकलेली स्त्री हे तिन्ही विषय त्या घरून बरोबर घेऊन गेल्या होत्या.

दुसरी गोष्ट अशी की, हा प्रश्न कोणा एका धर्माच्या मालकीचा नव्हता. बाळशास्त्र्यांनी तो धर्मशास्त्राच्या आधारे, फुले दांपत्याने कृतीने, ताराबाईंनी तर्काने आणि रमाबाईंनी कृपेच्या कल्पनेने हाताळला. उलट, निवाड्याची हौसही कोणा एका पक्षाची नव्हती. पुण्याचे सनातनी, वाँटेजची भगिनी, बिशप आणि सुधारक यांपैकी प्रत्येकाने रमाबाईंना आपापल्या मापाने मोजले. आणि रमाबाईंनीही आपल्या पूर्वजांच्या ग्रंथांना मोजताना सौम्य वचनांना फारसे झुकते माप दिले नाही.

तिसरी गोष्ट पद्धतीसंबंधी आहे. इतिहासकार हाही निवाडा करणाराच असतो. १८९३ च्या वादात रमाबाई दोषी की सल्लागार दोषी, असा निकाल मागण्याचा मोह मराठी लेखनाला शंभर वर्षांहून अधिक काळ झाला आहे. पुरावा तपासणे, विसंगती दाखविणे, परिणाम नोंदविणे यांपासून अभ्यासकाची सुटका नाही. ते न्यायाचे काम आहे. परंतु त्या माणसापुढे त्या दिवशी कोणत्या वाटा खुल्या होत्या हे पाहिल्याखेरीज दिलेला निकाल अपुऱ्या मापाने दिलेला ठरतो. केडगावच्या दप्तरातील प्रवेशनोंदी, निरनिराळ्या मिशनांचे वार्षिक अहवाल आणि वऱ्हाडातील जुनी जिल्हा-दप्तरे या दृष्टीने एकत्र वाचली गेली, तर कृपासदनात आलेल्या स्त्रियांचा इतिहास त्यांच्या आश्रयदात्रीच्या चरित्रापासून वेगळा काढून लिहिता येईल. ते काम पुढील अभ्यासकांनी हाती घेण्याजोगे आहे.